२२०० रुपयांची बिब शॉर्ट, एक पावसाळा आणि मागून चालवणाऱ्याची नजर

हा रिव्ह्यू कपड्याचा आहे, बिब शॉर्ट म्हणजे सायकल चालवताना घालायची, आत पॅड आणि खांद्यावर पट्टे असलेली घट्ट शॉर्ट, पण सुरुवात एका रविवारपासून करावी लागेल, कारण त्या रविवारी जे झालं ते झालं नसतं तर मी ही शॉर्ट घेतलीच नसती.

आम्ही मुलुंडचे सातआठ जण रविवारी पहाटे पाचला चेकनाक्याला जमतो आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मरीन ड्राइव्हला जाऊन येतो, जाऊन येऊन साठ-पासष्ट किलोमीटर होतात, कधी त्याऐवजी घोडबंदर. कुणी बँकेत, कुणी रिटायर, एक डॉक्टर, एक जण शाळेत पीटी शिकवतो. रेस वगैरे कुणी करत नाही, तब्येत आणि गप्पा एवढंच. गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. विक्रोळीच्या पुढे मी काकांच्या मागच्या चाकाला धरून चालवत होते, काका म्हणजे आमच्यातले सगळ्यात सिनियर, वय ६३, वारा तोडत पुढे जातात आणि मागच्यांना सुख देतात. मागून एक ट्रक आला, त्याचा हेडलाइट पडला आणि मला दिसलं की काकांची शॉर्ट मागून पार विरलीये. विरलीये म्हणजे कापड अजून अख्खं आहे, फाटलेलं नाही, पण धागा झिजून झिजून जाळीसारखा झालाय आणि वाकून बसल्यावर ताणला की आतलं सगळं दिसतं. आणि सायकलवर माणूस वाकूनच बसतो. बिब शॉर्टच्या आत चड्डी घालत नाहीत हे सायकलवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी पुढे सांगते का ते.

मी पुढची दहा मिनिटं रस्त्याकडे बघत बाजूने चालवली. मनात एकच, की हे यांना कुणी सांगितलं कसं नाही. कपडा एका दिवसात विरत नाही. म्हणजे दोन-चार महिने आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी यांच्या मागे चालवत होता, प्रत्येकाने बघितलं आणि प्रत्येकाने ठरवलं की दुसरा कुणीतरी सांगेल. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. आरशात उभं राहून बघितलं तरी कळत नाही, कारण उभं असताना कापड ताणलेलं नसतं. ते फक्त मागच्यालाच दिसतं, मग सांगायची जबाबदारी पण त्याचीच ना?

माटुंग्याला इडली-कॉफीला थांबलो तेव्हा बाकीचे सायकली लावत होते, मी काकांना जरा बाजूला घेतलं आणि म्हटलं, काका एक सांगू का, रागावू नका, तुमची ही शॉर्ट आता घरी पुसायला काढा, मागून विरलीये. एवढंच. काका दोन सेकंद गप्प झाले, मग म्हणाले, बरं झालं गं सांगितलंस, आणि जर्सीच्या मागच्या खिशातलं विंडचीटर काढून कमरेला बांधलं. परतीला मी त्यांच्या मागेच राहिले, दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "अगं, तुझे काका म्हणतायत तुझी पण एकदा बघ म्हणावं. त्यांना दिवाळीच्या... नाही गं, गणपतीच्या आधीपासून सांगायचंय, पण बाईमाणसाला कसं बोलायचं म्हणून तोंडातून शब्द फुटेना."

मी फोन ठेवला, माझी शॉर्ट आणली, दोन हात आत घालून ताणली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. सीट जिथे घासते तिथे दोन्ही बाजूला तळहाताएवढ्या जागेतून ट्यूब स्वच्छ दिसत होती. मला त्या क्षणी लाज कमी वाटली आणि राग जास्त आला. गणपती म्हणजे सप्टेंबर. महिना-दीड महिना मी हायवेवर अशी चालले, मागे ट्रक, टेम्पो, दूधवाले, माझ्याच ग्रुपमधले लोक, आणि सगळे सभ्य म्हणून गप्प. ही सभ्यता नाही हो. मी तेव्हाच ग्रुपवर लिहिलं की यापुढे कुणाचंही कापड विरलेलं दिसलं तर त्याच दिवशी, एकट्याला गाठून, एका वाक्यात सांगायचं, बाईला पुरुषाने सांगायला अवघड वाटलं तर बायकोकडून सांगा, मेसेज करा, पण सांगा. काकूंनी केलं ती पद्धत मला फार आवडली. सगळ्यांसमोर नाही, हसून नाही, आणि उद्यावर टाकून नाही.

तर अशी ही नवी शॉर्ट घ्यायची वेळ आली.

जुनी मोठ्या दुकानातली होती, यावेळी एका ओळखीच्या मुलीने कुर्ल्याच्या एका गाळ्याचा पत्ता दिला, तिथे दोन भाऊ सायकलचे कपडे शिवतात, सात-आठ मशिनी, बहुतेक काम ग्रुपच्या जर्सींचं आणि सोबत स्वतःच्या नावाने बिब शॉर्ट. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि छोटा धंदा आहे, त्या मी त्यांना फोनवर सांगितल्यात. हे वाचून काय बघून घ्यायचं ते कळलं तरी पुरे.

धाकट्या भावाने जे दाखवलं ते आधी सांगते कारण ते मी आता प्रत्येकाला सांगते. मी म्हटलं मला विरणारी नको. त्याने टेबलावरचा पेपर सरळ केला, शॉर्टचा मागचा भाग दोन्ही हातांनी रुंदीला ताणून मथळ्यावर धरला आणि म्हणाला, वाचा. एकाचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, ती १२०० वाली. दुसरी धरली, नुसता काळा पट्टा दिसत होता, अक्षरं नाहीत. ती २२०० वाली. तिसरी अजून जाड होती पण तो स्वतःच म्हणाला मुंबईच्या उकाड्यात ही नका घेऊ, मांड्या भाजतील. लेबलवर ८० टक्के नायलॉन, २० टक्के इलास्टेन. इलास्टेन म्हणजेच आपण ज्याला लायक्रा म्हणतो ते, १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या केमिस्टने शोधलेला धागा, आणि खरं सांगायचं तर हा धागाच आधी मरतो. ऊन, गरम पाणी, ड्रायर, सगळ्याने त्याचा ताण जातो, मग कापड सैल पडतं आणि विरायला लागतं. आपण सगळ्या जणी काय करतो, कडक उन्हात टेरेसवर वाळत घालतो, जंतू मरतात म्हणून. लायक्रासाठी ते वाईट.

पॅडबद्दल. अंगठ्याने जोरात दाबून सोडायचं, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. जाड पॅड म्हणजे चांगलं पॅड नव्हे, हे मला पहिल्या शॉर्टने शिकवलं, ती उशीसारखी होती आणि चाळीस किलोमीटरनंतर पार बसायची. याचं पॅड दिसायला पातळ आहे पण हाडं टेकतात तिथे घट्ट फोम आहे, बाकी कडेला नुसता कापडासारखा. पॅडला जुने लोक अजून शॅमी म्हणतात, त्याचं कारण छान आहे. युरोपच्या डोंगरात शॅमॉय नावाचं बकरीसारखं जनावर असतं, पूर्वी लोकरीच्या शॉर्टमध्ये त्याच्या मऊ कातड्याचा तुकडा शिवायचे. धुतला की तो वाळून पापडासारखा कडक व्हायचा, मग मऊ करायला क्रीम चोळायचे. आता कातडं गेलं, फोम आला, क्रीम तेवढी राहिली, आज ती कातडीला घासू नये म्हणून लावतात. आणि आत चड्डी न घालण्याचं कारण पण हेच सगळं आहे, पॅडला मधे शिवण नसते, चड्डीला असते, आणि सुती चड्डी घामाने भिजली की ती शिवण दोन तासांत कातडं सोलते. मुंबईच्या दमटपणात तर तासाभरातच.

हे नवीन येणाऱ्या मुलींना कोण सांगतं? बहुतेक वेळा ग्रुपमधला एखादा उत्साही दादा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. माझ्या बाबतीत असंच झालं होतं आणि त्या दिवशी परत येऊच नये असं वाटलं होतं मला. सल्ला बरोबरच होता. पण तो बाईने बाईला, शांतपणे सांगायचा असतो. आता आमच्याकडे कुणी नवी आली की मी सांगते, आणि पुरुषांनी त्या विषयात पडायचं नाही असं ठरलंय.

फिटिंग. नेहमी मला एल लागतो, यांचा एक्सएल लागला. घालून सरळ उभं राहिलं की खांद्यावर पट्टे ओढतात आणि वाटतं लहान झाली, पण सायकलवर वाकलात की बरोबर बसते, म्हणून दुकानात घालून बघताना वाकून बघा, गाळ्यात त्यांनी एक सायकल स्टँडवर लावून ठेवलीये त्यावर बसायला देतात. पट्टे जर्सीच्या आतून घालायचे बरं का, वरून नाही, वरून घातले की जर्सीची चेन उघडता येत नाही आणि दिसायला पण कुस्तीला निघाल्यासारखं दिसतं.

बायकांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट, आणि यासाठी मी या शॉर्टला पैकीच्या पैकी देते. साध्या बिबमध्ये बाथरूमला जायचं म्हणजे आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. पेट्रोल पंपाच्या संडासात, जिथे खुंटी नाही, कडी लागेल की नाही माहीत नाही, खाली ओलं, तिथे जर्सी तोंडात धरून मी उभी राहिलेय, आणि त्या भीतीने पाणी कमी पिऊन दोनदा डोकं दुखून घरी आलेय. यात मागचा भाग कमरेपाशी वेगळा कापलाय आणि लवचिक आहे, पट्टे खांद्यावर ठेवूनच मागून खाली ओढता येते. पहिल्यांदा वापरलं तेव्हा घोडबंदरच्या पंपावर मी दीड मिनिटात बाहेर आले. २२०० तिथेच वसूल.

आता रस्त्यावर कशी आहे. अकरा महिन्यांत अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर झालेत. रविवारची साठ-पासष्टची राइड, त्यात काही जाणवतच नाही. टिटवाळ्याच्या गणपतीला दोनदा जाऊन आलो. आणि जानेवारीत माझी पहिली २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची २०० किलोमीटरची राइड, केली, इगतपुरीला जाऊन परत, साडेतेरा तासांची मुदत असते, मी १२ तास ५० मिनिटांत आले. दीडशेपर्यंत काही त्रास नाही, शेवटच्या तीसमध्ये डाव्या बाजूला थोडं घासलं, पण त्यात सीटचाही दोष असेल, माझी सीट जरा रुंद आहे. ३०० करणार असाल तर यांचं पॅड पुरेल असं मला वाटत नाही.

पावसाळ्यात पॅड वाळत नाही, हे मुंबईत कुठल्याही शॉर्टचं होणार. मी राइडवरून आल्या आल्या साध्या पाण्यात, अंघोळीच्या साबणाने हाताने धुते, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळते, उलटी करून पंख्याखाली टाकते. जुलैमध्ये तरी दीड दिवस लागला. ओलं पॅड घालून निघू नका, पुरळ उठतंच. कपडे मऊ करायचं ते लिक्विड पण टाकू नका, त्याने कापड घाम शोषत नाही.

पावसातली अजून एक गोष्ट जी कपड्यात मोडते असं मी मानते, मडगार्ड. रोड बाइकला मडगार्ड चांगलं दिसत नाही म्हणून काही जण लावत नाहीत. मग त्यांच्या पाठीवर चिखलाची पट्टी उठते ते त्यांचं ते बघतील, पण मागच्याच्या तोंडात जे पाणी उडतं ते सायनच्या तुंबलेल्या रस्त्यावरचं असतं, ते काय पाणी असतं मुंबईकराला सांगायला नको. जून ते सप्टेंबर मडगार्ड नसेल तर सगळ्यात मागे चालवायचं. आणि पावसात पांढरी किंवा फिकट शॉर्ट नको, भिजली की काकांच्या शॉर्टसारखंच होतं.

रंग काळाच घेतला. पूर्वी सगळ्यांच्या शॉर्ट काळ्या असायच्या त्याला कारण होतं, चेनचं तेल, चामड्याच्या सीटचा डाग, काही दिसत नाही. इंग्लंडमध्ये तर १८९० च्या दशकात रस्त्यावर रेस करायला बंदी होती तेव्हा टाइम ट्रायलवाले, म्हणजे घड्याळाशी शर्यत लावणारे, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून पहाटे निघायचे, एकेकटे, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येऊ नये, पोलिसांनी अडवू नये. त्यांना दिसायचं नव्हतं. आपल्याला उलट दिसायलाच पाहिजे. खाली काळी ठीक आहे, पण पहाटे पाचला ईस्टर्न एक्स्प्रेसवर वरून काळी जर्सी, काळं हेल्मेट घालून येणाऱ्याला मी स्पष्ट सांगते की बाबा तू डंपरवाल्याला दिसत नाहीस. बीआरएममध्ये अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं, नाही घातलं तर बाद करू शकतात, आणि मला तो नियम फार योग्य वाटतो. मी माझं जॅकेट रोजच घालते, शोभा गेली तर गेली.

जर्सीवरून आमच्यात एकदा भांडण झालं होतं ते पण लिहिते. एक कॉलेजचा मुलगा आला, अंगात पांढरी जर्सी, छातीवर निळा लाल काळा पिवळा हिरवा असे पट्टे. दोन जण लगेच सुरू झाले, ही वर्ल्ड चॅम्पियनची जर्सी आहे, काढ, तुला अधिकार नाही. त्या पोराने ऑनलाइन सहाशेला घेतली होती, रंग आवडले म्हणून. नियम खरा आहे, रेसमध्ये ते पट्टे फक्त चालू जगज्जेता घालतो आणि माजी जगज्जेत्याला फक्त कॉलरवर आणि बाह्यांच्या काठावर ते रंग घालता येतात. टूर द फ्रान्सची पिवळी पण तशीच, १९१९ पासूनची, पुढे असलेला माणूस गर्दीत ओळखू यावा म्हणून, आणि पिवळीच का तर स्पर्धा भरवणारं ‘लोटो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापायचे. इटलीतली गुलाबी १९३१ पासून, ते वर्तमानपत्र गुलाबी कागदावर. हे सगळं सुंदर आहे आणि त्या पोराला कुणी प्रेमाने सांगितलं असतं तर त्याला आवडलं असतं ऐकायला. त्याऐवजी त्याला चारचौघांत झापलं. तो परत आला नाही.

मला विचाराल तर प्रो टीमची जर्सी कुणीही घालावी, शिवाजी पार्कात पोरं रोहितची ४५ नंबरची घालून खेळतात त्यांना कुणी विचारतं का किती सेंच्युऱ्या मारल्यास. पण "मी हे केलं" असं सांगणारी जर्सी वेगळी. एसआरची, म्हणजे सुपर रँडोनरची, जर्सी म्हणजे एका सीझनला २००, ३००, ४००, ६०० सगळं केलेलं असतं. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही राइड तर चार वर्षांतून एकदा, १२०० किलोमीटर, ९० तास. ती केल्याशिवाय मी तरी तिची जर्सी अंगावर घालणार नाही, कारण बीआरएमला अनोळखी माणूस ती जर्सी बघून विश्वासाने तुम्हाला रस्ता विचारतो, रात्री कुठे थांबायचं विचारतो. आमचे डॉक्टर एसआर आहेत, पण ती जर्सी घालून रविवारच्या राइडला येत नाहीत, नवीन माणसाला दडपण येतं म्हणतात. मला हे पटतं.

पण त्याच हायवेवर भांडुपच्या आसपास एक पाववाला रोज दिसतो, काळी जुनी सायकल, मागे पावाचा मोठा निळा पत्रा, पायात स्लीपर, आणि अंगात कुठल्यातरी दहा किलोमीटरच्या रनचा फिनिशर टीशर्ट, सोसायटीतल्या कुणीतरी दिलेला असणार. तो माणूस वर्षाचे तीनशे दिवस ओझं घेऊन आमच्यापेक्षा जास्त चालवतो. आमच्यातल्या सगळ्यात नियम सांगणाऱ्यानेही त्याला कधी टोकलं नाही. मग कॉलेजच्या पोरालाच का टोकलं? मी हा प्रश्न तेव्हा विचारला होता, उत्तर अजून मिळालेलं नाही. मोज्यांच्या उंचीवरून पण बोलणारे आहेत. तो नियम २०१९ पासून रेसवाल्यांसाठी आहे, मोजा घोट्यापासून गुडघ्याखालच्या हाडापर्यंतच्या अर्ध्या अंतराच्या वर नको. आपण वडापाव खायला चाललोय. कुणी ट्रॅक पँटमध्ये येतं, कुणी कुर्त्यात येतं, येऊ दे. फक्त पायजम्याचा घेर चेनमध्ये जाईल किंवा ओढणी चाकात जाईल असं दिसलं तर तिथल्या तिथे थांबवून सांगायचं, मी एक रबरबँड आणि दोन सेफ्टी पिना कायम सीटच्या पाऊचमध्ये ठेवते.

उतरल्यावर काय, हा विषय राहिला. माटुंग्याला आम्ही थांबतो तिथे सकाळी सातला घरची माणसं, आजी-आजोबा, देवळातून आलेल्या बायका बसलेल्या असतात. टेबलं जवळजवळ. आपण घामाने निथळत, लायक्रात, समोरच्याच्या डोळ्यासमोर आपली कंबर. मी एक पातळ सुती रॅप ठेवते, घडी केली की मुठीएवढा होतो, आत शिरायच्या आधी कमरेला गुंडाळते, आणि उठताना रेक्झिनची सीट टिश्यूने पुसते, वेटरला पुसायला लागू नये. हे मला कुणी सांगितलं म्हणून नाही करत. टिटवाळ्याला देवळातही तेच, रॅप आणि वरून विंडचीटर, बूट तर काढायचेच असतात.

पण कुणी कपड्यांवरून आत येऊ नका म्हटलं तर मात्र मी ऐकून घेणार नाही. हे एकदा झालंय. ठाण्याच्या पुढे एका हॉटेलात मॅनेजरने आमच्या तिघींना पाहून सांगितलं, फॅमिली सेक्शन आहे, तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा, आणि आमच्या मागून आलेल्या आमच्याच ग्रुपच्या पुरुषांना, त्याच कपड्यात, आत बसवलं. आम्ही सगळेच उठून निघालो. नंतर वाचनात आलं की हुबेहूब हेच १८९८ साली इंग्लंडमध्ये झालं होतं. लेडी हार्बरटन नावाच्या बाई सायकलवरून ओखम गावच्या हॉटबॉय हॉटेलात जेवायला गेल्या, स्कर्टऐवजी सायकलला सोयीची ढगळ विजार घालून. मालकिणीने कॉफी रूममध्ये घेतलं नाही, दारूच्या गुत्त्याच्या बाजूला बसा म्हणाली. त्यांच्या सायकल क्लबने केस केली, १८९९ ला ती हरले. सव्वाशे वर्षं झाली. तेव्हा विजार डोळ्यात खुपली, आज लायक्रा. मी रॅप गुंडाळते ते समोर बसलेल्या आजींसाठी, मॅनेजरसाठी नाही.

आता तक्रारी. मांडीला घट्ट धरायला जी सिलिकॉनची पट्टी आहे ती मे महिन्यात अक्षरशः लाल वळ उठवते, रुंद आणि पातळ हवी होती. चौथ्या महिन्यात डाव्या पायाची शिवण दोन इंच उसवली, त्यांनी फुकट शिवून दिली पण दोन आठवडे ठेवून घेतली आणि मध्ये दोनदा खोटं सांगितलं की आज पाठवतो. बायकांच्या मापात काळा सोडून फक्त गुलाबी आणि जांभळा, पुरुषांना सहा रंग. आणि मागे, बरोबर बसायच्या जागेच्या वर, त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात की माझ्या मागे चालवणाऱ्याला तीन तास तेच वाचावं लागतं. मी थोरल्याला म्हटलं, दादा हे मांडीवर कडेला घ्या ना, बाईच्या मागच्या बाजूला लोकांनी वाचत बसावं असं काही लिहायचंच कशाला. त्याला आधी कळेना, मग धाकट्याने त्याला गुजरातीत काहीतरी समजावलं, आणि मार्चनंतरच्या लॉटमध्ये नाव मांडीवर आलंय. यासाठी अर्धा मार्क वाढवला.

एकूण पाचात चार. दुसरी पण घेतलीये, नाव कडेला असलेली, आता आलटून पालटून घालते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरते, अकरा महिन्यांच्या शॉर्टमधून अजून ट्यूब दिसत नाही, नुसता उजेडाचा अंदाज येतो.

काकांनी पण तिथूनच घेतली, पुरुषांची १९०० ला. जुनीचं काकूंनी चार फडकी केली, त्यातलं एक मला दिलंय. चेनला वापरू नका, तेल नीट शोषत नाही, पण फ्रेम पुसायला फार छान आहे.